घरी जाणारा निरोप
(इयत्ता पहिली व दुसरीच्या वर्गशिक्षकांसाठी)

'पालक सहकार्य करीत नाहीत' ही तक्रार पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींकडून वारंवार ऐकू येते. ती सर्वस्वी निराधार नाही. तथापि सहकार्य मागताना आपण ते कोणाकडे मागतो, कोणत्या वेळी मागतो आणि नेमके काय करावयास सांगतो, या तीन गोष्टींचा विचार आधी झाला पाहिजे. 'मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष द्या' हा निरोप आपण वर्षानुवर्षे पाठवीत आलो आहोत. ज्या घरात अभ्यास म्हणजे काय हेच कोणास ठाऊक नाही, तेथे या निरोपाने काहीच घडत नाही. शाळेतील काम आणि घरी जाणारा निरोप यांची सांगड कशी घालावी, याचे विवेचन या लेखात केले आहे.

१. आपला पालक कोण?

प्रवेशाच्या नोंदवहीत पालक म्हणून बहुधा वडिलांचे नाव असते. आपल्या खानापूर तालुक्यात मात्र ते नाव आणि मुलाच्या उशाशी रात्री बसणारे माणूस एकच असेल असे नाही. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. दुष्काळामुळे येथील माणसे पिढ्यान् पिढ्या सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेली. विटा व परिसर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतील गलाई कारागीर केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेकडील शहरांपर्यंत पसरलेले आहेत. टेंभू योजनेचे पाणी शिवारात आल्यावरही हा प्रवास थांबलेला नाही. त्यामुळे काही घरांत वडील शेकडो कोसांवर भट्टीपाशी असतात आणि मूल आजी-आजोबांपाशी वाढते. विटा शहरात यंत्रमागावर पाळीने काम करणारी कुटुंबे आहेत; तेथे वडील रात्रपाळीस आणि आई दिवसा कांड्या भरण्यास, अशी विभागणी आढळते. हंगामात ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांची मुलेही काही महिने आपल्या शाळेत बसतात.

म्हणून जून महिन्यातच प्रत्येक मुलाविषयी चार गोष्टी वर्गशिक्षकाने आपल्या वहीत टिपून ठेवाव्यात. संध्याकाळी मुलाजवळ कोण असते? त्या माणसास वाचता येते काय? घरातील भ्रमणध्वनी कोणाच्या हाती असतो? आणि त्या घरास बोलण्याची सोयीची वेळ कोणती? ही माहिती मुलाशी सहज बोलताना मिळते. ती मिळवताना घराच्या परिस्थितीची वर्गात चर्चा होणार नाही, एवढी काळजी घ्यावी. ज्या घरी आजीच पालक आहे, तेथे निरोप आजीस जावा आणि तो तिला कळेल असा असावा.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पुढे 1945 पासून ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे आणि नंतर कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी काम केले. मुले बालवाडीपर्यंत येऊ शकत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली आणि तेथून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. पालक शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर आपला निरोप त्याच्या अंगणापर्यंत गेला पाहिजे, हाच त्यातील बोध होय.

२. वर्गातील काम असे असावे की ते घरी सांगता येईल

घरी पाठविण्याजोगा निरोप वर्गातील कामातूनच निघतो. त्या दृष्टीने रोजच्या रोज करता येण्याजोगे तीन उपक्रम पुढे दिले आहेत.

(अ) नामपट्टीची हजेरी. जाड कागदाच्या पट्ट्यांवर मुलांची नावे ठळक अक्षरांत लिहून त्या एका टेबलावर पसराव्यात. वर्गात येताच प्रत्येक मुलाने आपली पट्टी शोधून दोरीवर अडकवावी. आरंभी मूल आपले नाव चित्रासारखे ओळखते. काही दिवसांनी सविताला दिसते की आपल्या नावातील 'स' समीरच्या पट्टीवरही आहे. अक्षराची अशी ओळख मुलास स्वतः लागलेला शोध वाटते आणि म्हणून ती टिकते. महिन्याभराने मुलांस शेजाऱ्याची पट्टी शोधावयास सांगावे. त्यानंतर एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या पट्ट्या एकत्र लावावयास सांगावे. टेबलावर उरलेल्या पट्ट्या म्हणजे त्या दिवसाचे गैरहजर विद्यार्थी. त्या मोठ्याने वाचल्या म्हणजे वाचनही होते आणि कोण आले नाही हे साऱ्या वर्गास कळते. एखादी पट्टी सलग तीन दिवस टेबलावर राहिली की त्या घरी विचारपूस गेलीच पाहिजे.

(आ) मुलाचे वाक्य फळ्यावर. दररोज एका मुलाने घरची एक गोष्ट सांगावी व शिक्षकाने ती फळ्यावर लिहावी. 'आमची म्हस याली' असे मूल म्हणाले तर तसेच लिहावे, सर्वांनी वाचावे आणि मग त्याखाली 'आमची म्हैस व्याली' हे पुस्तकातील रूप लिहून दाखवावे. मुलाच्या बोलीस हसू नये व कोणास हसू देऊ नये. घरची भाषा चुकीची ठरली की मूल बोलणे थांबवते, आणि जे बोलत नाही त्यास वाचावयास शिकविणे फार कठीण जाते. गलाईच्या गावाहून परत आलेल्या मुलास तमिळ, मलयाळम किंवा हिंदीतील काही शब्द येत असतात. पाणी, भात, झाड या वस्तूंना तो तिकडे काय म्हणतो, हे त्यास वर्गात विचारावे. 'याला मराठी नीट येत नाही' असा ज्याच्यावर शेरा पडला असता, तोच मुलगा त्या दिवशी सर्वांस काही शिकवितो.

(इ) दहाची जुडी. तुराट्यांच्या एकसारख्या काड्या करून दहा-दहाच्या जुड्या बांधाव्यात. मराठी संख्यानामांची अडचण या वयात मोठी असते. 'सत्तावीस' म्हणताना आपण सात आधी उच्चारतो व वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी व सात नंतर येतो. मूल 27 ऐवजी 72 लिहिते तेव्हा त्याने ऐकल्याप्रमाणेच लिहिलेले असते. 'एकोणतीस' मध्ये तर तीसचे नाव असते आणि संख्या विसाच्या घरातील असते. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन सुचविले गेले व त्यावर राज्यभर चर्चा झाली, तिचे मूळ याच अडचणीत होते. वर्गात दोन जुड्या व सात सुट्या काड्या हाती देऊन 'वीस आणि सात, म्हणजे सत्तावीस' असे म्हणवून घ्यावे. तीन जुड्या मांडून त्यांतील एक काडी काढून घेतली की 'एकोण' म्हणजे एक उणे, हे सांगावे लागत नाही.

मोजणीसाठी चिंचोके व खडेही चालतात. मात्र ते मोजून द्यावेत व मोजून परत घ्यावेत, कारण लहान मुले ते नाकात-तोंडात घालतात. सोनारकामाच्या परंपरेमुळे काही घरांत गुंजा असतात व त्यांच्या लाल-काळ्या रंगाचे मुलांस आकर्षण वाटते. गुंजेचे बी विषारी असून ते चावून पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. गुंजा वर्गात मुळीच वापरू नयेत आणि ही गोष्ट पालकांसही सांगावी.

३. निरोप कसा असावा?

निरोपात प्रथम मुलास आज काय आले ते असावे आणि नंतर घरी करावयाचे एकच लहान काम असावे. ते काम घरातील नित्याच्या व्यवहारात बसणारे असावे. त्यासाठी पुस्तक, पैसा किंवा स्वतंत्र वेळ लागू नये. उदाहरणार्थ, 'तुमची नात गणितात कच्ची आहे' असे कळवून आजीच्या हाती चिंतेवाचून काही पडत नाही. त्याऐवजी 'आजी, आज तुमच्या नातीनं वीसपर्यंत काड्या न चुकता मोजल्या. रात्री टोपलीतल्या भाकरी तिलाच मोजायला सांगा, आणि दोन वाढल्यावर किती उरल्या तेही विचारा,' असे सांगितले की आजीस आपले काम नेमके कळते. दुसऱ्या दिवशी मुलीस 'काल किती भाकरी होत्या?' असे विचारावयास विसरू नये. शाळेत विचारणा होते हे कळले म्हणजे घरचे काम चालू राहते.

ज्यांस वाचता येत नाही त्यांना लेखी चिठ्ठी पाठवू नये; अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश पाठवावा. दूरगावी असलेल्या वडिलांसाठी पंधरवड्यातून एकदा मुलाचे वाचन ध्वनिमुद्रित करून पाठवावे. जूनमध्ये नाव सांगणारा मुलगा दिवाळीपर्यंत चार वाक्ये वाचू लागला, हे भट्टीपाशी बसलेल्या पित्यास स्वतःच्या कानांनी ऐकता येते. गुणपत्रकावरील श्रेणीपेक्षा ते त्यास अधिक सांगते, आणि मुलाच्या पुढील शाळेविषयी निर्णय घेताना त्याच्यापाशी काही आधार राहतो.

वर्गाच्या सामाईक समूहावर सूचना, सुट्टीची माहिती व सर्व मुलांचे मिळून केलेले काम एवढेच टाकावे. एखाद्या मुलाची तक्रार, गुण, आजार अथवा गैरहजेरी तेथे कधीही लिहू नये. ते त्या पालकाशी एकट्याने बोलावे. छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून पाठवू नयेत. तक्रार करणे भागच असेल तर त्यापूर्वी त्या घरी निदान दोन चांगले निरोप गेलेले असावेत. ज्या घरी शाळेचा आवाज केवळ तक्रारीसाठी पोचतो, त्या घरी तो ऐकणे लवकरच बंद होते.

४. पालकसभा

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या सदस्य महिला असतात. समितीचे काम महत्त्वाचे असले तरी पहिलीतील मुलाच्या वाचनाविषयी बोलण्याची ती जागा नव्हे. त्यासाठी वर्गाची लहान सभा वेगळी घ्यावी. गलाईवर गेलेले पालक गावची यात्रा, दसरा किंवा दिवाळीच्या निमित्ताने परततात; वर्षातील एक सभा त्या दिवसांच्या आगेमागे ठेवावी. यंत्रमाग कामगारांसाठी पाळी सुटण्याची वेळ पाहावी. सभेत भाषणे नकोत. मुलांनी पालकांस नामपट्ट्या व जुड्या दाखवाव्यात व पालकांनी त्या हाताळाव्यात.

आजी-आजोबांस वर्गात पाहुणे म्हणून बोलवावे. ज्या आजीस अक्षर येत नाही तिला जात्यावरच्या ओव्या, कोडी व पेरणीचे हिशेब तोंडपाठ असतात. एखाद्या आजोबास पावकी, निमकी व दीडकी अद्याप येते. त्यांनी वर्गासमोर अर्धा तास बोलल्यावर घरी नातवाच्या अभ्यासात त्यांचा शब्द चालू लागतो.

५. मध्येच शाळा सोडणारे मूल

सर्वांत अधिक हानी याच मुलाची होते. वडिलांनी बिऱ्हाड हलविले की मूल ऐन वर्षाच्या मध्यात परभाषेच्या शाळेत जाते, किंवा तिकडून आपल्याकडे येते. उपर्युक्त अधिनियमानुसार अशा मुलाचा दाखला मुख्याध्यापकाने तत्काळ दिला पाहिजे आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्कही मुलास आहे. हंगामी स्थलांतर करणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

दाखल्यासोबत वर्गशिक्षकाने पुढील शिक्षकास अर्ध्या पानाचे पत्र द्यावे. मूल काय वाचते, कितीपर्यंत मोजते, कशाने खुलते व कशाने गप्प होते, एवढे त्यात असावे. परप्रांतात जाणार असल्यास ते सोप्या हिंदीत वा इंग्रजीत लिहावे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य घेता येतात, हे पालकास दाखवून द्यावे, म्हणजे मराठी वाचन तुटणार नाही. आपल्याकडे येणाऱ्या मुलाची नामपट्टी तर त्याच दिवशी तयार करून दोरीवर लागली पाहिजे.

2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने इयत्ता तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे व पायाभूत गणित यावे, हे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याचे कारण स्पष्ट आहे. चौथीपासून इतर सर्व विषय वाचूनच शिकावे लागतात, आणि तोवर वाचन न आलेले मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेर राहते. ही दोन-तीन वर्षे एकट्या शाळेस पुरत नाहीत; घराची रोजची पाच-दहा मिनिटे त्यांत मिळाली पाहिजेत.

प्रारंभ मोठा करू नये. या महिन्यात प्रत्येक शिक्षकाने वर्गातील अशी पाच मुले निवडावीत, ज्यांच्या घरी अद्याप शाळेचा एकही चांगला निरोप गेलेला नाही. आठवड्यातून एक याप्रमाणे प्रत्येकाच्या घरी चार निरोप पाठवावेत आणि घरून काय उत्तर आले ते तारखेसह वहीत नोंदवावे. ही वही पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस सोबत आणावी. कोणत्या निरोपास उत्तर आले व कोणत्या नाही, हे एकमेकांच्या नोंदींवरून पाहिल्यास पुढचा निरोप कसा असावा हे आपले आपल्यालाच ठरविता येईल.