हत्तीपाय: रात्री घ्यायचे रक्त

नागपूर जिल्ह्यात आणि पुढे भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हत्तीरोग जुना मुक्कामी आहे. तो पसरवणारा क्युलेक्स डास तुंबलेल्या गटारात, उघड्या सेप्टिक टाकीत वाढतो. त्यामुळे सांडपाण्याची सोय नसलेल्या वस्त्या आधी सापडतात. हा रोग करणारे जंत लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात. त्यांची सूक्ष्म पिल्ले मुख्यतः रात्री रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रक्तनमुने रात्री घेतात.

या रोगावर आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल ही तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम झाली, त्यांत नागपूर होते (२०१९). गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या असतात, आणि हा आग्रह योग्यच आहे. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत.

फार सुजलेला पाय मात्र गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. तो रोज साबणाने धुवून कोरडा ठेवावा, जखमा जपाव्यात, असा सल्ला असतो. दिवसभर धानाच्या चिखलात रोवणी करणाऱ्या मजुराने तो पाळायचा कसा? याच रोगाने होणाऱ्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होऊ शकते, तरी लाजेपोटी अनेक पुरुष ती टाळत राहतात.