पैनगंगा ओलांडायच्या आधी

पहाटे साडेपाचला गाडीपाशी असतो. बॉनेट उघडून ऑइल पाहायचं, कूलंट पाहायचं, स्टेपनीत हवा आहे की नाही ते पाहायचं. परवा फुलसावंगीतून बारा माणसं घेऊन निघायचंय. माहूर, आदिलाबाद, निर्मल, बासर, नांदेड आणि परत. तीन दिवस, दोन राज्यं. पोळा झाला की सोयाबीन काढणीला येईपर्यंत घराघरात थोडी उसंत असते, त्यातच ही सहल बसवायची.

सात वाजता कागद. आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, माझं लायसन, सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरात. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट वरच ठेवतो. १ एप्रिल २०२१ पासून हे परमिट ऑनलाइन मिळतं आणि त्यात सगळ्या राज्यांचा कर एकदाच भरला जातो. त्याआधी दर राज्याच्या नाक्यावर वेगळा कर, वेगळी पावती आणि सवाऱ्या उन्हात बसलेल्या. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं नेणारेही आहेत, पण अपघात झाला तर विमा पैसे देताना हात आखडता घेतो. दुसऱ्याची लेकरं घेऊन मी तो धोका पत्करत नाही.

नऊला सहल ठरवणाऱ्या गुरुजींच्या ओट्यावर. हे खरं काम. गुरुजींनी यादी केलेली असते आणि यादीत नेहमी जास्तच असतं. या खेपेला माहूरची रेणुका, दत्तशिखर, अनसूया, पांडवलेणी, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे, कुंटाळा धबधबा, निर्मलची खेळणी, बासरची सरस्वती, नांदेडचा गुरुद्वारा आणि येताना सहस्रकुंड. मी वही काढतो. वहीत किलोमीटर शेवटच्या रकान्यात असतात. पहिल्या रकान्यात ठिकाण, दुसऱ्यात पोचायची वेळ, तिसऱ्यात तिथे लागणारे तास, चौथ्यात पायऱ्या. सहल तासांवर आखायची, अंतरावर नाही. आदिलाबाद ते निर्मल ८० किलोमीटरच, रस्ता चौपदरी, पण निर्मलला बायका दुकानात शिरल्या की दोन तास गेलेच म्हणून समजा.

"भाऊ, आईले माहूरच्या पायऱ्या चढनं होईन का?" गुरुजींची सून विचारते.

"पहाटेच नेतो वयनी. ऊन चढाच्या आत वर पोचलो म्हंजे झालं. मधात बसत बसत जाऊ."

म्हणून माहूर पहिलं. तिथे तांबूल कुटणारा माणूस म्हातारीला जरूर दाखवतो. लोखंडी खलात विड्याची पानं कात-सुपारीसकट ठेचत असतो, बाजूला उभं राहिलं की वास अंगावर येतो, आणि तो हिरवा-लाल गोळा देवीचा प्रसाद म्हणून हातावर पडतो. दात नसलेल्यालाही चघळता येतो. आमच्या भागातून जाणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तेवढंही पुष्कळ असतं.

गुरुजींना इतिहासाची आवड, म्हणून ते लेकरांना सांगत बसतात. माहूरकडे जाताना पैनगंगा ओलांडली की पूर्वी माणूस मोगलाईत शिरायचा. अलीकडे वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात, पलीकडे निजामाचं राज्य. माहूरचा तेव्हाचा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा तो नांदेडला जोडला गेला. आदिलाबाद आंध्रात गेलं, २०१४ साली तेलंगणात आलं. हद्दी अशा सरकत राहिल्या, पण लेकी दिल्या-घेतल्या जातातच. आदिलाबादच्या बाजारात मराठी चालते, आणि आपल्या तांड्यावरची माणसं तिकडच्या लंबाड्यांशी गोरमाटीत सरळ बोलू लागतात. परवाच्या सवाऱ्यांत एक नाईकबाई आहेत. दुभाष्याचं काम मी त्यांच्यावर सोपवलंय.

बारा ते दोन फोन. आदिलाबादला मुक्कामाची जागा, बासरला मंदिराजवळ खोल्या. गुरुजींच्या चार वर्षांच्या नातीचा अक्षराभ्यास बासरला करायचा आहे, गोदावरीच्या काठी सरस्वतीपुढे पहिलं अक्षर. तो सकाळीच आटपायचा, म्हणून बासरला आदल्या रात्री पोचलंच पाहिजे. बाकी सगळं या एका वेळेभोवती बांधलंय.

चारला पुतण्याचा फोन. तो म्युनिकला असतो. भाड्याची गाडी घेऊन ऑस्ट्रियातून इटलीत, व्हेरोनापर्यंत जायचा त्याचा विचार. मी त्याला कागदांचंच विचारतो. गाडी दुसऱ्या देशात न्यायला कंपनीची परवानगी घेतली का? जर्मनीत मोटारीला टोल नाही, पण ऑस्ट्रियाच्या महामार्गावर विनेट नावाचा टोलचा परवाना घ्यावा लागतो, ब्रेनर खिंडीचा टोल त्याहून वेगळा, आणि इटलीत अंतरावर पैसे. १९८५ साली शेंगेन गावी करार झाला आणि १९९५ पासून तिकडच्या देशांमधले नाके उठू लागले, पण जर्मनीनं काही हद्दींवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे, पासपोर्ट खिशातच हवा. "काका, एका दिवसात पोचतो मी," तो म्हणतो. पोचशील रे, पण पाहशील काय? इन्सब्रुकला उतर, जेव, तासभर चाल. खिंड दिवसाउजेडी ओलांड.

सहाला पुन्हा वही. आता कापायचं. कुंटाळा सुमारे १५० फुटांवरून कोसळतो, पाहण्यासारखाच आहे, पण खाली उतरायला शेकडो पायऱ्या आणि पावसाळ्यात शेवाळ. पोरं हट्ट करतील. त्यांना सहस्रकुंड देतो. तिथे पैनगंगाच काळ्या कातळावरून फुटून पडते, म्हातारीलाही वरून दिसते. उनकेश्वरही काढलं, पांडवलेणीही. निर्मल मात्र ठेवलं. तिथले कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडाचे तुकडे चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून जोडतात, त्यावर रंग चढवतात. दुकानातलं फळ खरं की लाकडाचं, हे लेकरं हात लावून ठरवतात. नांदेडला लंगरात दुपारचं जेवण, पुढे सहस्रकुंड, अंधार पडायच्या आत उमरखेड.

नऊला गुरुजींकडे वही दाखवून आलो. कुंटाळ्यावरून नातू रुसला, पण गुरुजींनी मान डोलावली. डिझेल उद्या भरायचं, म्हातारीसाठी पुढची सीट राखायची, आणि सगळ्यांना निरोप द्यायचा की परवा साडेचारला गाडी निघेल.