गणपती २००३चा की २००४चा? एकगठ्ठा व्हिडिओ रूपांतर करण्याआधी

कंपू हे नाव शिंद्यांच्या कवायती फौजेच्या छावणीवरून आलं. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला आणि त्याचंच पुढे लष्कर शहर झालं. आता इथले जुने वाडे एकेक करून उतरतायत. वाडा गेला की पुष्कळदा मागे उरतं ते कुणीतरी हौसेनं केलेलं गणपतीचं नाहीतर मुंजीचं शूटिंग. म्हणून हे व्हिडिओ आपल्यासाठी कागदपत्रांइतकेच मोलाचे.

अशाच एका घरातल्या एकोणीस मिनीडीव्ही कॅसेट मी फायरवायरनं संगणकावर उतरवून घेतल्या. डीव्हीच्या एका तासाला साधारण १३ जीबी लागतात, त्यामुळे डिस्क भरत आली. मग हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइली रांगेत लावल्या आणि रात्रभरात एमपी४ करून टाकल्या. मूळ फाइली सकाळी पुसायच्या, असं ठरवून झोपलो.

सकाळी वाद निघाला. एका कॅसेटवर ‘गणपती २००४’ लिहिलं होतं, घरातले म्हणत होते २००३. एमपी४ फाइलवर तारीख होती ती आदल्या रात्रीची! मूळ फाइल मीडियाइन्फो या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडली तेव्हा चित्रीकरणाची तारीख दिसली : २ सप्टेंबर २००३. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून पंचांगाशी ताडून पाहिलं. २००३ला गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, २००४ला १८ सप्टेंबरला. म्हणजे कॅसेटवरचं लेबलच चुकलेलं.

डीव्ही कॅमेरा चित्राबरोबर तारीख आणि वेळही टेपवर नोंदवतो. हँडब्रेक चित्र नव्यानं एन्कोड करतं, त्यात ही नोंद गळते. मूळ फाइल पुसली असती तर पुरावाच गेला असता.

तेव्हापासून माझा क्रम असा :

१. आधी मीडियाइन्फोत तारीख बघायची आणि ती मूळ फाइलच्या नावातच घालायची : ‘२००३-०९-०२_गणपती_आरती’. व्हीएचएसवरून उतरवलेल्या फाइलीत अशी नोंद नसते; तिथे घरच्यांना विचारूनच लिहायचं.

२. हँडब्रेकच्या प्रेफरन्सेसमध्ये फाइलींना आपोआप नाव देण्याची सोय आहे. तिथे ‘सोर्स’ निवडला की नव्या फाइलीला जुनंच नाव मिळतं, तारखेसकट.

३. आपल्याकडचे जुने कॅमेरे पाल पद्धतीचे : ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. म्हणून ‘फास्ट ५७६पी२५’ हा प्रीसेट घ्यायचा. क्वालिटीचा आरएफ आकडा १८ ते २० ठेवायचा. आकडा लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी.

४. हलत्या हातांच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर ते इंटरलेसिंग. त्यावर ‘डीकॉम्ब’ फिल्टर लावायचा. लेझीम, तबला अशा जलद हालचालींसाठी त्यातला ‘बॉब’ पर्याय बरा, पण मग फ्रेम रेट ५० करायला विसरू नका, नाहीतर अर्धी हालचाल परत गळते.

५. एकच फाइल आधी करून, आवाजासकट पाच मिनिटं बघायची. ती ठीक निघाली तरच सगळा फोल्डर ‘बॅच स्कॅन’नं उघडायचा, सगळं रांगेत टाकायचं आणि सुरू करायचं. एक चूक एकोणीस वेळा करायला संगणकाला काही वाटत नाही.

६. एमपी४ पाहण्यासाठी आणि वाटण्यासाठी. मूळ डीव्ही फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर, शक्यतो दोन घरांत.

वाड्याची कागदपत्रं स्कॅन झाली म्हणून आपण मूळ कागद रद्दीत घालतो का? व्हिडिओचंही तसंच आहे. डिस्क विकत मिळते. २ सप्टेंबर २००३ची आरती परत मिळत नाही.