तिचा संध्याकाळचा तास

आपल्या कोल्हापुरात खेळाचं कौतुक कुणी कुणाला शिकवायला नको. शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉलची मॅच असली की आमच्याकडे जेवणाच्या वेळेचं काही खरं नसतं. २०१० साली तेजस्विनी सावंत नेमबाजीत जगज्जेती झाली, २०१८ साली राही सरनोबतनं एशियाडचं सुवर्णपदक आणलं, तेव्हा तुम्हीही माझ्यासारखी शेजारीपाजारी साखर वाटली असेल. २०२४ साली पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझपदक आणणारा स्वप्नील कुसाळे तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीसारख्या लहानशा गावचा.

पण मैत्रिणींनो, पदक दिसतं ते शेवटी. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी खेड्यातल्या एखाद्या घरात काय ठरतं, त्यावर सगळं असतं. आणि मुलीच्या बाबतीत ते चुलीजवळच ठरतं, हे मला गेल्या तीन वर्षांत कळून चुकलं आहे.

मी करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत आठवड्यातून चार दिवस शिकवायला जाते. विषय मराठी आणि इतिहास. खेळाशी माझा संबंध शाळेत असताना लंगडी घालण्यापुरता! पण मुलींचा खो-खोचा संघ स्पर्धेला न्यायचा तर बरोबर बाईमाणूस हवं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आधी मी कुरकुरले. मग सराव बघायला थांबू लागले, आणि शेवटची एस. टी. चुकवण्यापर्यंत मजल गेली.

पाचवी-सहावीत मैदान मुलींनी नुसतं फुललेलं असतं. आठवीत निम्म्या दिसेनाशा होतात. नववीत संघाला बाराजणी जमवताना नाकी नऊ येतात.

आमच्या संघात आठवीतली एक मुलगी होती. खांबाला वळसा घालून ती अशी निसटायची की पाठलाग करणारी दोन पावलं पुढेच जायची. दिवाळीच्या सुटीनंतर ती सरावाला यायची बंद झाली. वर्गात असायची, पण घंटा झाली की खाली मान घालून घरी. विचारलं तर गप्प.

शेवटी एके दिवशी मी तिच्या घरी गेले. वाटेत मनाशी चांगलं भाषण तयार केलं होतं. मुलगा-मुलगी समान वगैरे. तिच्या आजीनं चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "बाई, पोरगी खेळंना का, आमचं न्हाई कुठं हाय? पर दिवस ल्हान झाला. दोन्ही अंगाला ऊस उभा. अंधाराचं एकटीनं वस्तीवर यायचं कसं?"

माझं भाषण तोंडातच राहिलं. मीसुद्धा माझ्या मुलीला त्या वाटेनं एकटीला सोडलं नसतं. शिवाय संध्याकाळी डेअरीत दूध घालायचं काम तिचंच. म्हणजे बघा, खेळाला कुणाचा विरोध नव्हता. अडचण होती एका वाटेची आणि एका चरवीची.

तोड आजीनंच काढली. "दूध घालंल की तिचा भाऊ. त्याला काय हात न्हाईत?" आणि दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजता म्हातारी काठी टेकत मैदानाच्या कडेला येऊन बसली. सराव संपल्यावर नातीला आणि वस्तीवरच्या आणखी तिघींना घेऊन निघाली. आठवडाभरात दोघी-तिघी आयाही येऊ लागल्या. लसूण सोलत, गप्पा मारत बसायच्या. तो ओटा गावात प्रथमच बायकांचा झाला.

दुसऱ्या एका घरी मात्र मी हरले. "आता मोठी झाली" एवढंच उत्तर मिळालं. ती मुलगी खरं तर या मुलीपेक्षा चपळ होती.

मोठी झाली म्हणजे काय, तर पाळी आली. पाळीच्या दिवसांत त्रास नसेल तर खेळायला काहीच हरकत नाही, हे मुलीला आधी आईनंच सांगायला हवं. मापाचे आतले कपडे घेऊन द्यावेत. निम्म्या मुली लाजून मैदान सोडतात त्या याच कारणानं, असं माझं मत आहे.

खाण्याचंही तसंच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. खेळणाऱ्या मुलीला डबाबंद पावडरी लागत नाहीत. मूठभर भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ, नाचणीची भाकरी किंवा आंबील, पालेभाजीवर लिंबू, घरात चालत असेल तर अंडं. आणि जेवणाबरोबरचा चहा बंद! चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

"खेळून काय मिळणार?" असं सासूबाई किंवा जाऊबाई विचारतीलच. नियमांत बसणाऱ्या खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण असतात, आणि आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे. आमच्या मुलींना मी ते सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, "बाई, आपलाच खो-खो?"

पैशाचं म्हणाल, तर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते वर्गणीवर. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. ही गोष्ट वाचली की मला त्या घरातली गृहिणी आठवते. गहाण पडलं ते छप्पर तिच्याही डोक्यावरचं होतं!

आपल्याला घर गहाण टाकायचं नाही. पण शालेय स्पर्धा आधी तालुक्याला आणि मग जिल्ह्याला होतात. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. सकाळी सामना असला की आदल्या रात्रीच निघावं लागतं. मुक्कामाची सोय नाही म्हणून "नको ती स्पर्धा" म्हणणारे वडील मी पाहिले आहेत. तुमच्या शेजारच्या शाळेत चौकशी करून ठेवा. कुणाच्या बाहेरच्या खोलीत चार मुली सहज झोपतात.

गेल्या वर्षी आमच्याकडे लांबच्या एका शाळेतल्या चौघी आणि त्यांच्या बाई राहून गेल्या. मी पिठलं-भात केला होता. माझी सहावीतली मुलगी रात्री अकरापर्यंत त्यांच्याकडून सूर कसा मारायचा ते गादीवर शिकत होती. गादीची शिवण उसवली. दुसऱ्या दिवशी त्या पहिल्याच फेरीत हरल्या. सामान न्यायला आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण जाताना एकीनं विचारलं, "काकू, फुडल्या वर्षी आलो तर चालंल न्हवं?"