खिडकी ‘टॉल’ की ‘हाय’?

मराठीतला ‘उंच’ हा शब्द कुठल्याही कामाला धावून येतो. माणूस उंच, झाड उंच, भिंत उंच, डोंगर उंच. घार उंच उडते आणि मैदानावरची उडीही उंच. इंग्रजीने हेच काम ‘टॉल’ आणि ‘हाय’ या दोघांत वाटून दिलं आहे. शब्दकोशात दोन्हींपुढे ‘उंच’ एवढंच वाचून पुढे गेलं, की घोळ सुरू होतो.

गैरसमज : दोन्हींचा अर्थ एकच.

वस्तुस्थिती : एका खोलीत दोन खिडक्या आहेत. एक जवळजवळ जमिनीपासून छतापर्यंत गेलेली, ती ‘टॉल’. दुसरी जेमतेम हातभर, पण छताला टेकलेली, उघडायची तर स्टुलावर चढावं लागतं, ती ‘हाय’. ‘टॉल’ वस्तूचा पायापासून माथ्यापर्यंतचा उभा देह मोजतो. ‘हाय’ बऱ्याचदा ती किती वर आहे ते सांगतो. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखरावरचं देऊळ इवलंसं आहे. त्याची जागा ‘हाय’, ते स्वतः ‘टॉल’ मुळीच नाही.

अडलं तर उलट शब्द आठवावा. ‘टॉल’च्या विरुद्ध ‘शॉर्ट’, ‘हाय’च्या विरुद्ध ‘लो’.

गैरसमज : सजीवांना ‘टॉल’, निर्जीवांना ‘हाय’.

वस्तुस्थिती : दुबईचा ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा निर्जीवच, तरी त्याला ‘टॉल’ म्हणतात. कारखान्याचं धुराडं, विजेचा खांब, सरबताचा उभट ग्लासही ‘टॉल’. रुंदीच्या मानाने उंची जास्त असलेल्या सडपातळ गोष्टींना हा शब्द शोभतो. भिंत आणि कुंपण जमिनीवरच उभी असतात, पण आडवी पसरलेली. म्हणून ती सहसा ‘हाय’.

गैरसमज : माणसालाही ‘हाय’ चालतं.

वस्तुस्थिती : उंचापुऱ्या जावयाचं कौतुक करताना कोणी ‘ही इज व्हेरी हाय’ म्हणालं, तर ऐकणाऱ्याला जावईबापू नशेत आहेत असं वाटेल. माणूस ‘टॉल’च. गंमत म्हणजे हा शब्दही मुळात उंचीचा नव्हता. शेक्सपिअरच्या काळात ‘टॉल’ माणूस म्हणजे शूर गडी असाही अर्थ होता.

गैरसमज : डोंगराच्या बाबतीत तरी ‘हायेस्ट’ आणि ‘टॉलेस्ट’ सारखेच.

वस्तुस्थिती : समुद्रसपाटीपासून ८८४८.८६ मीटर उंचीचं एव्हरेस्ट ‘हायेस्ट’, यात वाद नाही. हवाई बेटावरचा मौना केआ हा ज्वालामुखी समुद्रसपाटीपासून ४२०७ मीटरच भरतो. पण त्याचा पाया पॅसिफिकच्या तळाशी आहे, आणि तिथून माथ्यापर्यंत मोजलं तर उंची १०,००० मीटरच्या वर जाते. म्हणूनच अनेक ठिकाणी ‘टॉलेस्ट’ म्हणून मौना केआचं नाव दिलेलं आढळतं. मराठीत मात्र हा फरक सांगायला ‘पायथ्यापासून’ आणि ‘समुद्रसपाटीपासून’ हे शब्द जोडावेच लागतात.