पूजेची केळ आणि रानातली चवई

श्रावण लागला की गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून सत्यनारायणाच्या पूजा सुरू होतात आणि दादरच्या फूलबाजारातून केळीचे खुंट घरोघरी येतात. चौरंगाच्या 4 कोपऱ्यांना ते बांधले की मखर सिद्ध होते. परंतु केळीसारखे दिसणारे प्रत्येक झाड या कामी कापावे काय, याचा विचार भाविकांनी अवश्य करावा.

अमरकोशात कदलीला रंभा, मोचा अशी नावे आहेत. तिचा खांब हे खोड नव्हेच. ती एकात एक गुंडाळलेली पानांची सोपटे होत. म्हणूनच निःसार संसाराला कदलीस्तंभाची उपमा देतात. खरे खोड कंदरूपाने भूमीत असते. त्याला पिले फुटतात. त्यामुळे एक खुंट तोडला तरी केळीचे कूळ चालू राहते.

वाडीच्या अंगणात शोभेसाठी लावतात ती कर्दळ निराळी. तिची पाने केळीची आठवण देतात; पण दांडा बारीक, लाल-पिवळी फुले शेंड्यावर उभी आणि बिया काळ्या, गोल, कठीण. ती मूळची अमेरिका खंडातील.

तिसरी ती सह्याद्रीच्या कड्यांवरील रानकेळ, म्हणजेच चवई. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला एन्सेटे सुपर्बम म्हणतात. तिचा बुंधा तळाशी मडक्यासारखा फुगलेला असतो आणि भोवती पिले नसतात. फळांत गर थोडा, टणक बियाच फार. कित्येक वर्षांनी ती एकदाच फळते आणि मरते. फळण्यापूर्वी कापली, तर मागे बीजही उरत नाही.

ही शोभेची केळ गॅलरीत हवी असेल, तर रानातून उपटू नये. रोपवाटिकेत बियांपासून केलेले रोप घ्यावे. खोल कुंडी, पाणी न साचणारी माती आणि भरपूर ऊन तिला मानवते. पावसाळा सरला की पाने वाळतात. मेली समजून तिला टाकू नये. पाणी आवरते घ्यावे. बुंध्यात जीव असतो. पावसाळा आला की ती पुन्हा पालवते.

पूजेसाठी खुंट घ्यावा तो पिले देणाऱ्या केळीचाच. ज्या पूजेत आपण कुलवृद्धीचा आशीर्वाद मागतो, तिच्यासाठी दुसऱ्या जीवाचे कूळ खुंटवणे कोणत्या भाविकाला रुचेल?