अंश मथळ्यात, छेद बातमीच्या पोटात

नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली की ऑक्टोबरची किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली. २०१२ हे आधारवर्ष धरून सुरू झालेल्या मालिकेतला हा नीचांक होता. मी उत्साहाने ती बातमी आमच्या भाजीवाल्या मावशींना सांगितली. त्यांनी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता विचारलं, "मग काय, आता भाव कमी करायला सांगणार का दादा?"

त्यांचा प्रश्न थट्टेतला होता, पण बरोबर दुखऱ्या जागी लागणारा. आकड्यांवरून बातमी समजून घेताना आपण बहुतेक वेळा चुकतो ते इथेच. शाळेत अपूर्णांक शिकताना गुरुजींनी सांगितलं होतं, वर अंश, खाली छेद. मथळ्यात जागा कमी असते, म्हणून तिथे फक्त अंश छापला जातो. छेद बातमीच्या पाचव्या परिच्छेदात असतो, कधी असतच नाही. मग उरलेला अपूर्णांक आपण आपल्या मनाने पुरा करतो.

"महागाई कमी झाली म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या"

महागाईचा दर म्हणजे भाव नव्हे, भाव वाढण्याचा वेग. गाडी ताशी ऐंशीवरून वीसवर आली तरी ती पुढेच जात असते. दर ०.२५ टक्का याचा अर्थ, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यात शंभर रुपयांना मिळणारी सरासरी टोपली आता शंभर रुपये पंचवीस पैशांना मिळते. इथे छेदात बसलंय ते आदलं वर्ष, आणि ते कसं होतं यावर सगळं ठरतं.

भाज्यांचंच घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्यांची महागाई ४२.१८ टक्के होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती उणे २७.५७ टक्के झाली. "भाज्या सत्तावीस टक्क्यांनी उतरल्या" हा मथळा खोटा नाही. पण पाटीवर हिशेब मांडा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शंभर रुपयांची भाजी होती, वर्षभरात ती एकशे बेचाळीसची झाली, आणि तिच्यातून साडेसत्तावीस टक्के वजा केल्यावर उरले एकशे तीन. म्हणजे दोन वर्षांत भाजी तीन रुपयांनी महागच. ज्याने २०२४ चा भाव लक्षात ठेवला तो खूश, ज्याने २०२३ चा लक्षात ठेवला तो बुचकळ्यात. दोघांचीही आठवण पक्की आहे. याला अर्थशास्त्रात आधार परिणाम म्हणतात. आदलं वर्ष फार महाग असेल तर यंदाचा दर आपोआप कमी दिसतो, आणि उलटही.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर यात अर्धंच आहे. दुसरं अर्धं टोपलीत आहे. २०१२ च्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांना ४५.८६ टक्के वजन होतं, शिक्षणाला ४.४६ आणि आरोग्याला ५.८९. ही वजनं २०११-१२ च्या घरखर्चाच्या पाहणीवरून ठरवली होती. पुण्यातल्या एखाद्या घरात दोन मुलं इंग्रजी शाळेत असतील आणि आजोबांची औषधं चालू असतील, तर त्यांच्या खर्चात शिक्षण आणि आरोग्य मिळून दहाच टक्के असणं अवघड आहे. फी वाढली की त्यांचं घर हादरतं, निर्देशांक जेमतेम हलतो. उलट भाजी उतरली की निर्देशांक धाडकन खाली येतो. "सरकार खोटे आकडे देतं" असं मग लोक म्हणतात. आकडा खोटा नसतो, टोपली दुसऱ्याची असते, आणि तीही बरीच जुनी. तिच्यात टेपरेकॉर्डर आणि डीव्हीडी प्लेअरसुद्धा होते. २०२४ हे आधारवर्ष घेऊन नवी टोपली विणायचं काम त्यासाठीच हाती घेतलं गेलं.

हाच घोळ वाढीच्या दरातही होतो, तो पटकन सांगून टाकतो. २०२१ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन २०.१ टक्क्यांनी वाढलं आणि "विक्रमी वाढ" असे मथळे झळकले. छेद होता २०२० ची टाळेबंदीची तिमाही. स्थिर किमतींत मोजलं तर २०१९ च्या त्या तिमाहीत उत्पादन ३५.६६ लाख कोटी होतं, २०२० मध्ये २६.९५ लाख कोटींवर आपटलं आणि विक्रमी वाढीनंतर ३२.३८ लाख कोटींवर आलं. विहिरीत पडलेला माणूस वर चढतोय, काठ अजून लांब आहे. चढण्याला वाढच म्हणायचं, त्यात काही चूक नाही. विक्रम मात्र म्हणू नये.

शेअर बाजाराच्या बातम्यांना तर छेदाचं वावडंच आहे. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला. २३ मार्च २०२० ला तो सुमारे ३,९३५ अंकांनी पडला होता. मग मोठी पडझड कुठली? पहिली ५.७४ टक्के, दुसरी १३.१५ टक्के. अंक मोठा दिसला म्हणून घाव मोठा नसतो. निर्देशांकच मधल्या चार वर्षांत दुपटीच्या पुढे गेला होता.

"जास्त मतं म्हणजे जास्त जागा, जास्त जागा म्हणजे लाट"

आता राजकारणाकडे. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण २०२४ साली महाराष्ट्राने सहा महिन्यांच्या आत आकडेशास्त्राचे दोन धडे फुकटात दिले आणि आपण दोन्ही चुकीचे शिकलो.

लोकसभेला राज्यातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि सांगलीची एक अपक्षाला. "महायुतीचा सुपडा साफ" असं कट्ट्याकट्ट्यावर ऐकू आलं. पण दोन्ही बाजूंची मतं मोजली तर दोघांच्याही पदरात ४३-४४ टक्क्यांच्या घरातली मतं होती आणि त्यांच्यातलं अंतर एक टक्काही नव्हतं. तेरा जागांचा फरक पडला तो मतं कुठे पडली यावरून. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये तर जागा ४८ मतांनी फिरली. हे सगळं आपल्या निवडणूक पद्धतीत बसतंच. ज्याला जास्त मतं तो जिंकतो, मग ती एकाने जास्त असोत की लाखाने. हरलेल्याची मतं कुठल्याच जागेत उतरत नाहीत.

नोव्हेंबरमध्ये विधानसभा झाली. महायुतीला २८८ पैकी २३० जागा, म्हणजे ऐंशी टक्के. तिच्या तीन मुख्य पक्षांची मतं मिळून ४८ टक्क्यांच्या आसपास. समोरच्या तीन मुख्य पक्षांची चौतीस टक्क्यांच्या आत आणि जागा अवघ्या ४६. या वेळी मतांत खरंच मोठं अंतर होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चौदा टक्क्यांचं अंतर १८४ जागांचं होऊन बसतं, हे पद्धतीचं काम आहे. अंतर लहान असताना ती भिंग लावते, अंतर मोठं झालं की दुर्बीण.

या निकालातला सगळ्यात गाजलेला आकडा दोन राष्ट्रवादींचा. अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के मतं आणि ४१ जागा. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के मतं आणि १० जागा. निकालानंतर कित्येक दिवस हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून लोक एकमेकांशी भांडत होते. "मतं आमची जास्त, जागा त्यांच्या, म्हणजे गडबड आहे," असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला या आकड्याचं काय करावं तेच कळेना.

छेद बघा. ही टक्केवारी सगळ्या राज्यात पडलेल्या मतांची आहे. पक्ष मात्र सगळ्या राज्यात लढलेलेच नव्हते. एक ५९ जागांवर लढला, दुसरा ८६ जागांवर. ज्या मतदारसंघात अजित पवारांच्या पक्षाचं घड्याळ हे चिन्ह नव्हतं तिथल्या मतदाराला घड्याळावर बटण दाबायची सोयच नव्हती, पण त्याचं मत छेदात धरलं गेलं. मतदारसंघ साधारण सारख्या आकाराचे धरून ढोबळ हिशेब केला, तर लढवलेल्या जागांवर पहिल्या पक्षाला सरासरी ४४ टक्के मतं पडतात आणि दुसऱ्याला ३८ टक्क्यांच्या जरा खाली. कोडं तिथंच अर्धंअधिक सुटतं. गडबड झाली की नाही हा वेगळा प्रश्न, त्याचं उत्तर दुसऱ्या कागदपत्रांत शोधावं लागेल. या दोन आकड्यांतून तो सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही.

"कांद्याने पाडलं, बहिणींनी तारलं"

आकडे आले की लगेच कारण हवं असतं, आणि एकच हवं असतं. लोकसभेला उत्तर महाराष्ट्र आणि नगर-पुण्याच्या पट्ट्यात नाशिक, दिंडोरी, अहमदनगर, शिरूर, धुळे अशा जागांवर महायुती हरली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली होती, ती मे २०२४ मध्ये, मतदान चालू असतानाच, उठवली. लासलगावच्या बाजार समितीत शेतकऱ्यांचा संताप साऱ्यांनी पाहिला होता. कारण तयारच होतं. गंमत म्हणजे २०१२ च्या मालिकेच्या ग्राहक भाव निर्देशांकात कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं. मतपेटीत त्याचं वजन काय, ते कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

कांद्याचा राग खरा होता. मी तो नाकारत नाही. पण धुळ्यात काय झालं? सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप आघाडीवर होता. निकाल फिरला एकट्या मालेगाव मध्यमध्ये, आणि शेवटचा फरक ३,८३१ मतांचा. तिथे कांदा हे कारण असेलही, पण मुख्य कारण म्हणून ते चिकटवता येत नाही. आणि सहा महिन्यांनी त्याच नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला मिळाल्या. तोवर कांद्याचं किमान निर्यात मूल्य काढून टाकलं गेलं होतं, निर्यात शुल्क घटवलं होतं, जुलैपासूनचे लाडकी बहीण योजनेचे महिना पंधराशे महिलांना मिळू लागले होते, लोकसभेची निवडणूक संपली होती, उमेदवार वेगळे होते, बंडखोरी वेगळी होती. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर त्यांतल्या एकीकडे बोट दाखवून "हीच" म्हणणं ही खात्री आकडे देत नाहीत. तरी टीव्हीवरच्या चर्चेत ती खात्री प्रत्येकाकडे असते, आणि प्रत्येकाची वेगळी.

भाव पडणं ही सगळ्यांसाठी चांगली बातमी असते, हा समजही इथेच गळून पडतो. मुंबईत कांदा उतरला की महागाईचा दर उतरतो, आणि तोच आकडा कांदा पिकवणाऱ्या येवल्यात वाचला तर रडू येतं.

"बेरोजगारी घटली म्हणजे नोकऱ्या वाढल्या"

श्रमशक्तीच्या नियमित पाहणीनुसार पंधरा वर्षांवरच्या लोकांत बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाला. त्याच पाहणीत, त्याच वर्षासाठी दुसऱ्या पद्धतीने मोजलेला दर मात्र ४.९ टक्के आहे. दोन्ही सरकारी, दोन्ही बरोबर. पहिल्यात वर्षभराची स्थिती विचारतात आणि वर्षात तीस दिवस दुय्यम काम केलं तरी माणूस कामावर धरला जातो. दुसऱ्यात मागचे सात दिवस विचारतात, आणि त्यांत एका दिवशी तासभर काम केलेलं असलं तरी पुरतं. एक पक्ष पहिला आकडा फडकवतो, दुसरा पक्ष दुसरा. कुठल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे, ते दोघंही सांगत नाहीत.

आणि छेद? लोकसंख्या नव्हे. छेदात फक्त काम करणारे आणि काम शोधणारे. शोधून थकून घरी बसलेला मुलगा बेरोजगारांतही नसतो आणि छेदातही नसतो, तो हिशेबातूनच जातो. याच काळात ग्रामीण स्त्रियांचा श्रमातला सहभाग २४.६ टक्क्यांवरून ४७.६ टक्क्यांवर गेला. याचा अर्थ कारखान्यांनी दारं उघडली असा नव्हे. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी बाईही या पाहणीत कामावर धरली जाते. तिला धरावं हे योग्यच आहे. फक्त तिला "नोकरी मिळाली" असं मथळ्यात लिहू नये.

दरडोई उत्पन्नाच्या सरासरीबद्दल एवढंच सांगतो. राज्याच्या आर्थिक पाहणीत २०२४-२५ साठी महाराष्ट्राचं अपेक्षित दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये दिलं होतं. म्हणजे पाच माणसांच्या घराला वर्षाला सुमारे साडेपंधरा लाख. अक्कलकुव्यासारख्या दुर्गम भागातल्या एखाद्या पाड्यावर जाऊन हे सांगायचं धाडस कुणी करावं.

मावशींना मी हे सगळं सांगितलं नाही, गिऱ्हाईकं खोळंबली होती. त्या शेजारच्या पोराला कांद्याचा भाव काढायला शिकवत होत्या. "पन्नास किलोची गोणी आणली म्हणून पन्नासनं नाही भागायचं रे. सडका किती निघाला? सहा किलो? मग चव्वेचाळीसनं भाग."